खो देणाऱ्या काकू

आमच्या घरात पावसाळा म्हणजे बसण्याचे दिवस. बाबा रंगारी. पाटणच्या आसपासची घरं, शाळा, देवळं, दुकानांची शटरं असं काय मिळेल ते रंगवायचे. पाऊस लागला की भिंती ओल धरायच्या, आणि मग दसऱ्याची चाहूल लागेपर्यंत बाबांना कोणी हाक मारायचं नाही. ब्रश धुऊन, पुसून, कागदात गुंडाळून माळ्यावर जायचे आणि बाबा दारातल्या खुर्चीत बसायचे. बोलायचे नाहीत. गल्लीत कोणी विचारलं, दाजी कुठंयत, तर आई म्हणायची, बसलेत. त्यात सगळं आलं. त्या महिन्यांत आई कॉलेजच्या मेसमध्ये चपात्या लाटायला जायची आणि घर तिच्या हातांवर चालायचं. संध्याकाळी तिचे पंजे मिटायचे नाहीत. मी आणि माझा भाऊ एकेक हात वाटून घ्यायचो आणि खोबरेल लावून बोटं चोळून द्यायचो. जेवणात चपात्या मात्र क्वचितच असायच्या. भात असायचा आणि त्यावर पातळ आमटी.

त्यामुळे मी लहानपणापासून एक गोष्ट पक्की शिकले. पाऊस पडायला लागला की माणसानं बसावं, बोलू नये, आणि तो थांबायची वाट बघावी.

हे शिक्षण घेऊन मी सिएटलला आले. इंजिनिअरिंगची पदवी मी गावाकडून घेतली होती, आमच्या घरातली पहिली. दहावीच्या पुढे गेलेलीही मीच पहिली. मार्क चांगले होते, तिथल्या एका प्राध्यापकांना लॅबमध्ये कामाला विद्यार्थी हवा होता, आणि मास्टर्सला प्रवेश मिळाला. सिएटलला पाऊस असतो हे माहीत होतं. मला वाटलं, आपण पाटणच्या, आपल्याला कोण पाऊस सांगणार. पण तिथला पाऊस म्हणजे पाऊसच नव्हे. तो कोसळत नाही, गरजत नाही, ओढ्याला पूर आणत नाही. ऑक्टोबरमध्ये एक ओलं राखाडी फडकं आभाळावर टाकतात आणि मे महिन्यापर्यंत काढायला विसरतात. डिसेंबरात दुपारी चहाच्या वेळेला दिवे लागतात. आणि थांबायची वाट बघणारा माणूस आठ महिने वाट बघत बसतो.

तर अशा ठिकाणी, बॉथेल नावाच्या उपनगरात, मला काकूंच्या घरात खोली मिळाली.

काकू तेव्हा सत्तरीच्या आसपास असतील. मूळच्या इस्लामपूरच्या. मुलीच्या बाळंतपणाला आल्या आणि राहून गेल्या. पुढे मुलीची बदली कॅलिफोर्नियात झाली, जावई-नातवंडं सगळी तिकडे गेली. काकू गेल्या नाहीत. का, असं कोणी विचारलं तर सांगायच्या, "तिकडं पाऊस नाही." लोकांना तो विनोद वाटायचा. मुलीनं मग घर विकायचं लांबवलं आणि वरच्या दोन खोल्या मुलींना भाड्यानं द्यायला सुरुवात केली, म्हणजे आईला सोबत. एका खोलीत मी, दुसरीत नागपूरची केतकी. ती एका कंपनीत टेस्टिंगचं काम करायची आणि आठवड्यातले बरेच दिवस घरूनच करायची.

घर दाखवताना काकूंनी मला स्वयंपाकघर दाखवलं नाही, गिझर दाखवला नाही. माझ्या पायांकडे बघितलं. म्हणाल्या, "बूट बरे आहेत. धावतेस का?"

मी म्हटलं, नाही हो काकू, अभ्यास असतो.

"बरं," त्या म्हणाल्या. ते 'बरं' ऐकून मला वाटलं, विषय संपला.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी हॉलमधल्या सोफ्यावर लॅपटॉप घेऊन लवंडले होते. मागून पाठीवर थाप बसली, चांगली सणसणीत, आणि कानाशी आवाज आला, "खो." मी दचकून उठले. उठले तशा काकू माझ्या जागेवर बसल्या. नीट, मांडीवर हात ठेवून. मी उभी.

"काय झालं काकू?"

"काय व्हायचंय? खो दिला. आता तू पळ, मी बसले."

केतकी जिन्यावरून बघत होती. तिला सवय होती. "जाऊन ये बाप्पा एक चक्कर," ती म्हणाली, "त्याशिवाय त्या उठत नाहीत."

काकू तरुणपणी खो-खो खेळायच्या, जिल्ह्याच्या संघात. ज्यांनी खो-खो खेळलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. पाठलाग करणारा संघ मैदानाच्या मधोमध एका ओळीत बसतो, एकाचं तोंड इकडे, पुढच्याचं तिकडे. धावतो त्यांच्यातला एकच. तो दमला, किंवा पळणारी पोरगी दुसऱ्या बाजूला गेली, की बसलेल्या एकीच्या पाठीवर मागून हात मारून "खो" म्हणायचं. ती उठून धावते आणि खो देणारी तिच्या जागेवर बसते. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. मिळाल्यावर बसून राहायचं नाही. आणि एकदा एका दिशेला पाऊल टाकलं की मागं वळायचं नाही, टोकाच्या खांबापर्यंत जावंच लागतं.

काकूंनी हे सगळे नियम घराला लावले होते.

म्हणजे कसं, तर मी सोफ्यावरून उठून स्वयंपाकघराकडे पाऊल टाकलं की मला वळून परत हॉलमध्ये येता यायचं नाही. स्वयंपाकघरातून मागच्या दारानं बाहेर, अंगणातून, कचऱ्याच्या डब्यांवरून, गॅरेजवरून, पुढच्या दारानं आत. एक चहा करायचा तर घराला प्रदक्षिणा. पावसात. काकू खिडकीतून बघायच्या. अर्ध्यातून परत फिरलं की काचेवर टकटक करून ओरडायच्या, "फौल." केतकीची मीटिंग चालू असताना त्या खो द्यायच्या नाहीत, एवढं सौजन्य होतं. पण मीटिंग संपल्याचा आवाज त्यांना बरोबर कळायचा.

मला सुरुवातीला राग यायचा. माझं वय काय, शिक्षण काय, आणि ही बाई मला अंगणात पळवते. पण काकू चिडून काही करायच्या नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी भांडताच यायचं नाही. आणि परत यावं तर माझ्या जागेवर बसलेल्या काकूंच्या हातात माझ्यासाठी गरम पाण्याचा पेला असायचा. त्यात लिंबू, आलं आणि किंचित हिंग. हिंग का, ते त्यांनाच ठाऊक.

त्यांचा वेष ठरलेला. पाचवारी साडी घोट्याच्या वर खोचलेली, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, वर जावयाचं जुनं हिरवं रेनकोट-जॅकेट, त्याच्या बाह्या दुमडलेल्या. त्या वेषात त्या रोज सकाळी टेकडीवरच्या ग्रंथालयापर्यंत जाऊन यायच्या. तिथले लोक छत्री वापरत नाहीत, डोक्यावर टोपी ओढतात आणि भिजतात. काकू मात्र लांब दांड्याची काळी छत्री घ्यायच्या आणि उघडायच्या नाहीत. मी एकदा विचारलं, मग नेता कशाला. म्हणाल्या, "पाऊस वाढला तर." पाऊस तिथे वाढत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मग मी केतकीच्या नादानं गंमत केली, छत्रीच्या मुठीनं तिला खो दिला. काकू गंभीर झाल्या. छत्रीनं दिलेला खो धरत नाहीत म्हणाल्या. हाताचाच लागतो. माणसाला माणसाचा हात लागला पाहिजे.

केतकीनं एक उजेडाचा दिवा आणला होता. तिथे पुष्कळ लोक आणतात, ऊन नसतं म्हणून सकाळी त्याच्यासमोर अर्धा तास बसायचं, मन बरं राहतं. डॉक्टरही सांगतात. काकूंनी दिवा नीट न्याहाळला, चांगला आहे म्हणाल्या. दोन दिवसांनी दिव्याखाली मेथीचा ट्रे. केतकीनं तक्रार केली तर उत्तर मिळालं, "मेथीला पाय नाहीत, तिला दिवा पाहिजे. तुला काय धाड भरलीय?" आणि लगेच नरम आवाजात, "सकाळी बस तूही शेजारी. दोघींना पुरेल." केतकी खरंच बसायची. एका बाजूला मेथी, एका बाजूला केतकी.

शनिवारी मात्र खरा खेळ व्हायचा. आमच्या गल्लीच्या टोकाला प्राथमिक शाळा होती. तिथल्या शाळांना मुलांना पावसात खेळता यावं म्हणून मोठं छप्पर टाकलेलं असतं, खाली डांबरी जमीन, भिंती नाहीत. सुट्टीच्या दिवशी तिथे कोणीही खेळू शकतं. काकूंनी तिथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकला होता, टाइप येत नसल्यामुळे आवाजात: "शनिवारी सकाळी सगळ्यांनी यायचं. पाऊस आहे म्हणून कोणी कळवू नये. पाऊस आहे हे मला दिसतंय." यायची ती मंडळी म्हणजे माझ्यासारख्या शिकणाऱ्या दोघी-चौघी, नोकरी करणारे तरुण, आणि आईबापांनी ढकलून पाठवलेली तिथेच जन्मलेली पोरं. शाळेचे नारिंगी शंकू हे आमचे खांब. काकू पंच. शिट्टी नव्हती, त्यांचा आवाज पुरायचा.

उकिडवं, चवड्यावर बसायचं, हे तिथल्या पोरांना जमायचं नाही. भदाभद मागे पडायची. एक पोरगी फार वाद घालायची. तिचं म्हणणं असं की मला उठायचं असेल तेव्हा मी उठेन, दुसऱ्या कोणीतरी हात लावेपर्यंत का थांबायचं. "आजी, दिस रूल मेक्स नो सेन्स." काकूंना इंग्रजी थोडंसंच यायचं, पण एवढं कळलं. त्या तिच्या शेजारी चवड्यावर बसल्या, सत्तरीच्या बाई, आणि म्हणाल्या, "टाचा टेकल्या की झोप येते. टाचा उचलून बस. मग बसणं पण खेळ असतो. कळलं?" पोरगी म्हणाली, "ओके, बट माय नीज आर डाइंग." काकू म्हणाल्या, माझे कधीच मेलेत, त्यांना सांगितलेलं नाही.

एका शनिवारी समोरच्या घरातली गोरी आजीबाई छपराच्या कडेला येऊन उभी राहिली. आम्ही नुकतेच बसलो होतो. आठ माणसं एका ओळीत, आळीपाळीनं पाठमोरी, गप्प, खाली वाकून, आणि काकू मधून फिरतायत. बाईंनी डोक्यावरची टोपी काढली, हात जोडले आणि मान खाली घातली. त्यांना वाटलं प्रार्थना चाललीय. कोणीतरी गेलंय आणि ही माणसं शोक करतायत. मग मागून कोणीतरी "खो" म्हणून किंचाळलं, एकजण उडी मारून धावत सुटला, आणि बाईंनी छातीवर हात ठेवला. काकूंनी खेळ थांबवला, त्यांच्याजवळ गेल्या, त्यांचा हात धरून त्यांना बाकावर बसवलं. केतकीनं सगळं समजावून सांगितलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. पुढच्या शनिवारपासून त्या थर्मास भरून सूप आणायच्या आणि बाकावर बसून दोन्ही संघांसाठी टाळ्या वाजवायच्या. नियम त्यांना शेवटपर्यंत कळले नाहीत.

हे सगळं मी आता हसत सांगते. पण तो माझा तिथला पहिला पावसाळा होता आणि जानेवारीत माझं सगळं बिनसलं.

माझं काम भिंतींवर होतं. तिथली घरं लाकडी सांगाड्याची. पावसाचं पाणी भिंतीत कुठून शिरतं, आत किती दिवस राहतं, लाकूड केव्हा कुजायला लागतं, हे बघायचं. लॅबमध्ये माणूसभर उंचीचे भिंतीचे नमुने उभे करून त्यांच्यावर नळ्यांतून पाण्याचे फवारे मारायचो आणि आत बसवलेले सेन्सर वाचायचो. म्हणजे बाहेर पाऊस होताच, आतही माझ्या हातानं पाडलेला पाऊस. सप्टेंबरपासून मी चार नमुने उभे केले होते. नाताळच्या सुट्टीनंतर उघडून बघितलं तर चारही नमुन्यांच्या कडा मी नीट बंद केल्या नव्हत्या. पाणी भिंतीतून नव्हे, कडेनं आत गेलं होतं. पहिल्या दिवसापासून. सगळे आकडे फुकट.

त्या दिवशी मी घरी आले आणि आडवी झाले. दुसऱ्या दिवशी गेले नाही. मग जायचंच बंद झालं. प्राध्यापकांच्या मेल यायच्या, मी उघडायची नाही. कुठून कुठून शिकलेली माणसं तिथे, कोणाचे वडील प्राध्यापक, कोणाची आई डॉक्टर, आणि मला एक कड बंद करता आली नाही. आपली जागा ही नव्हेच, असं मनानं घेतलं. रडूही येत नव्हतं. नुसतं खिडकीबाहेरचं राखाडी बघायचं.

बाबांना फोनवर फार काही सांगितलं नाही, पण त्यांना आवाजावरून कळलं. ते म्हणाले, "पाऊस हाय का तिकडं?" मी म्हटलं, आहे. मग म्हणाले, "बस मग घरात. नाय जमलं तर ये निघून. घर हाय आपलं. कोण काय म्हणत नाय." इतक्या मायेनं म्हणाले की माझं ठरूनच गेलं. मी काकूंना सांगितलं, महिनाअखेरीला खोली सोडते, घरी जाते, शिक्षण पुरे.

काकू कणीक मळत होत्या. त्यांनी काही समजावलं नाही. तू एवढी हुशार, आईबापांनी एवढे कष्ट केले, असलं काही नाही. एवढंच विचारलं, "तुझ्या सरांना सांगितलंस?" मी म्हटलं, मेल करेन. "बरं," त्या म्हणाल्या. ते पहिल्या दिवशीचंच 'बरं'.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वर आल्या. मी भिंतीकडे तोंड करून झोपले होते. पाठीवर हात पडला, या वेळी हलका. "खो."

मी उठले नाही.

त्या घरात खो मिळून कोणी उठलं नाही असं कधी झालं नव्हतं. काकू तशाच उभ्या राहिल्या असाव्यात, कारण पावलं वाजली नाहीत. मग जिन्यावरून बूट खाली गेले, पुढचं दार उघडलं, लागलं. मला वाटलं, ग्रंथालयाला गेल्या.

दुपारी लॅबमधल्या मुलाचा फोन आला. तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा, कोरियाचा, फारसा बोलायचा नाही. फार नम्रपणे त्यानं सांगितलं की तू आलीस तर बरं होईल. तुझ्या खुर्चीवर एक वयस्कर बाई बसल्यात. सकाळपासून. उठत नाहीत.

काकूंना लॅब माहीत होती. ऑक्टोबरातच त्या माझ्याबरोबर एकदा येऊन गेल्या होत्या, "तू बसतेस कुठं ते बघू दे" म्हणून. पण तेव्हा मी बरोबर होते. आता त्या दोन बस बदलून, चढ चढून, कुणीतरी दार उघडून दिल्यावर आत शिरून, सरळ माझ्या खुर्चीत जाऊन बसल्या होत्या.

मी अंगावर जॅकेट अडकवून निघाले. केस विंचरलेले नाहीत, पायात दोन वेगळे मोजे. बसमध्ये मला फक्त संताप येत होता. लॅबमध्ये पोहोचले तर काकू खुर्चीत ताठ बसलेल्या, पिशवी मांडीवर, बुटांखाली पाण्याचं थारोळं. समोर माझे प्राध्यापक, सहा फुटी माणूस, हातात चहाचे दोन कागदी कप घेऊन, काय करावं न सुचलेले. त्यांनी मला सांगितलं की तुझ्या मावशींना त्यांनी तीनदा विचारलं काय हवंय, त्या तीनदा एकच वाक्य म्हणाल्या. शी कमिंग, आय सिटिंग.

मी मराठीत सुरू केलं. काकू, हे काय चालवलंय, ही माझी कामाची जागा आहे.

"ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "रिकामी होती. म्हणून बसले."

"मी सोडलंय हे सगळं. उठा, घरी चला."

"उठते की. खो दे."

लॅबमध्ये सगळे आमच्याकडे बघत होते. भाषा कोणाला कळत नव्हती. फवाऱ्यांचा तेवढा आवाज. मला काकूंचा डाव कळला होता. मी खो दिला तर त्या उठणार, आणि नियमानं त्या जागेवर मला बसावं लागणार. नाही दिला तर त्या उठणार नाहीत. ओल्या बुटांनी, उपाशी, संध्याकाळपर्यंत, उद्यापर्यंतसुद्धा बसतील. ही बाई बसेल, याबद्दल मला काडीची शंका नव्हती. आणि त्यांचे पाय थरथरत होते. थंडीनं, किंवा टाचा उचलून धरल्या होत्या म्हणून. खुर्चीत बसून पण टाचा उचललेल्या.

मी मागे गेले. पाठीवर हात ठेवला. जॅकेट भिजून गार झालं होतं. मी पुटपुटले, "खो."

"मोठ्यानं," काकू पुढे बघत म्हणाल्या. "पंचांना ऐकू गेलं पाहिजे."

मी मोठ्यानं म्हटलं. माझा आवाज इतका मोठा असेल असं मलाही वाटलं नव्हतं. टोकाच्या टेबलावरचा माणूस उभा राहिला. काकू ताडकन उठल्या, प्राध्यापकांच्या हातातला एक कप घेतला, "थँक्यू सर" म्हणाल्या आणि दाराकडे निघाल्या. मागं वळून बघितलं नाही. वळायचं नसतंच.

मी बसले. खुर्ची गरम होती.

प्राध्यापक एक बादली उलटी करून माझ्यासमोर बसले. कडेनं पाणी शिरल्याचं मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. त्यांना ते आधीच दिसलं होतं, मेलमध्ये तेच लिहिलं होतं. त्यांनी सांगितलं की त्यांचा स्वतःचा पहिला नमुना फवारा सुरू केल्यावर आडवा पडला होता, आणि त्यांचे गुरू त्याच्याखाली सापडता सापडता वाचले. हे ऐकून मला हसू आलं, त्याच्यामागून रडू आलं, आणि रडताना मी त्यांना विचारलं की कडा पुन्हा बंद करायच्या तर कुठला लेप वापरू. ते म्हणाले, चल दाखवतो.

घरी परतले तेव्हा काकू गरम पाण्याच्या टबात पाय सोडून मेथी निवडत बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि निवडायला लागले. थोड्या वेळानं त्यांनी आपण होऊनच सांगितलं. त्यांची शेवटची मॅच सांगलीला होती. लग्न ठरलं होतं, सासरी खेळणं नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. काकूंना दम धरवायचा नाही, खो मिळायच्या आधीच उठायच्या, संघावर फौल लागायचे. म्हणून कप्तान मुलीनं त्या दिवशी त्यांना खो द्यायचाच नाही असं ठरवलं. अख्खा डाव त्या बसून होत्या. टाचा उचलून. शेजारणीला खो मिळत होता, पलीकडचीला मिळत होता. डाव संपला, लोक उठले, तेव्हा पण त्या बसूनच होत्या. मग वडील मैदानात येऊन म्हणाले, चल गं, बैलगाडी थांबलीय.

"वाईट काही नाही त्यात," काकू म्हणाल्या. "चुकलं माझंच होतं. पण नुसतं वाट बघत बसलेलं माणूस मला बघवत नाही. काय करू." आणि मग एकदम, "देठं टाकू नको. त्याची भाजी होते."

त्यानंतर मी आजारी वगैरे पडले नाही असं नाही. राखाडी आभाळ होतंच. पुढच्या नोव्हेंबरात परत जड वाटायला लागलं. पण आता मला आधीच कळायचं, आणि मी सकाळी काकूंबरोबर टेकडी चढायला जायची. चढताना त्या बोलायच्या नाहीत, उतरताना थांबायच्या नाहीत. कोणाच्या दारात कुठलं झाड, कुठल्या कुत्र्याला पाऊस आवडत नाही, कुठल्या घराच्या भिंतीला खालून शेवाळ चढलंय, हे त्या सांगत यायच्या. शेवाळ कुठल्या बाजूला जास्त धरतं हे त्यांनी दाखवलं म्हणून मी दोन नमुने त्या बाजूच्या हिशेबानं उभे केले. थीसिसमध्ये त्याचं एक प्रकरण आहे.

काकूंचे गुडघे शेवटी बोललेच. दुसरा पावसाळा संपताना मुलगी येऊन त्यांना कॅलिफोर्नियाला घेऊन गेली. त्या गुपचूप गेल्या नाहीत. बॅगा गाडीत जाईपर्यंत मुलीशी भांडत होत्या. बूट घातलेलेच होते. हल्ली फोनवर कुरकुरतात की तिकडे रोज ऊन, माणसांना काही करायला नकोच. शेजारच्या वृद्धाश्रमातल्या चार अमेरिकन म्हाताऱ्यांना त्यांनी खुर्च्यांवर ओळीत बसवलंय म्हणे, एकीचं तोंड इकडे, एकीचं तिकडे. खरं खोटं त्यांच्या मुलीला विचारलं पाहिजे.

माझे चारही नमुने पुन्हा उभे राहिले, कडा बंद राहिल्या, आकडे मिळाले. जूनमध्ये थीसिस मान्य झाला आणि मला मास्टर्सची पदवी मिळाली.